‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दामागे

सातपुड्यातील एका तालुक्याच्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीच्या याद्या जुळवण्याचे काम मी गेल्या हिवाळ्यात केले. निकालाचा रकाना एकच होता आणि त्यात कितीतरी नावांपुढे ‘पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिलेले होते. गावात बोट टोचून केली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. तो माणूस एएस, म्हणजे वाहक आहे, की एसएस, म्हणजे रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीसारख्या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या दुसऱ्या चाचणीने कळते. वाहकाला सहसा औषध लागत नाही, पण लग्नापूर्वी सल्ला लागतो, कारण आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्य एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते. रुग्णाला मात्र हायड्रॉक्सीयुरियासारखी औषधे लागतात आणि वेदनेचा झटका आला की तातडीने दवाखाना गाठावा लागतो. या दोघांना एकाच शब्दात बसवणाऱ्या यादीवरून गोळ्यांची मागणीसुद्धा काढता येत नाही.

दुसऱ्या चाचणीचे निकाल वेगळ्या वहीत होते. दोन्ही वह्या जोडायच्या तर नाव, गाव आणि जन्मतारीख यांवरच भिस्त होती. पण एका गावात जवळपास सगळ्यांचे आडनाव पावरा, आणि शाळेच्या दाखल्यावर अनेकांची जन्मतारीख १ जून. संगणकाने एका नावाच्या दोन मुलींना एकच मुलगी ठरवले होते. त्यांतली एक वाहक होती, दुसरी रुग्ण. मला ते कधीच दिसले नसते. गावच्या आशा आरोग्यसेविकेने, आशाताईंनी, मात्र यादीवर बोट ठेवून लगेच सांगितले, “ही वरच्या पाड्यावरची, ती नदीकाठची. नदीकाठचीचे सांधे दुखतात, तिला मीच दवाखान्यात नेले होते.”

पाठपुराव्याच्या रकान्यात बारा घरांपुढची जागा रिकामी होती आणि वर पाठवलेल्या अहवालात ती घरे ‘नकार’ म्हणून मोजली गेली होती. एकानेही नकार दिलेला नव्हता. ही कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेली होती, आणि ती होळीला परततील हे आशाताईंना ठाऊक होते. सातपुड्यात होळीला माणूस घरी येतोच. आम्ही यादीत पाडा, चाचणीचा प्रकार आणि परतण्याची वेळ असे तीन रकाने वाढवले. आशाताईंना मोबदल्याचा काही भाग कामागणिक मिळतो. या याद्या वाचण्यात गेलेल्या त्यांच्या दोन दुपारी कोणत्याच कामात धरल्या गेल्या नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते. होळीच्या आठवड्यात त्या बारा घरांपैकी नऊ घरी माणसे भेटली. उरलेल्या तीन घरांपुढे आम्ही ‘अजून परतले नाहीत’ असे लिहिले.