विहिरीतली गोटी सोड्याची बाटली

गेल्या उन्हाळ्यात गावच्या विहिरीचा गाळ उपसला, तेव्हा चिखलातून ही बाटली निघाली. जाड हिरवट काच, मानेला दोन्ही बाजूंनी चिमटा काढल्यासारखी दाबलेली, आणि आत अजून खुळखुळणारी काचेची गोटी. खांद्यावर उठावाची इंग्रजी अक्षरं होती, त्यातलं ‘पूना’ तेवढं बोटाला लागत होतं. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली या घडणीचं पेटंट घेतलं. सोड्यातल्या वायूचा दाबच गोटीला तोंडातल्या रबरी कड्यावर आतून घट्ट बसवतो, वेगळं बूच लागत नाही. आमच्या बाटलीतलं रबर कुजून गेलं होतं. काचेला मात्र कुठे तडा नव्हता.

पण काच आंधळी झाली होती. दोन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवल्यावर चुन्याचे डाग गेले, पांढुरकी झाक राहिली. पाण्यातून काढली की बाटली लख्ख दिसायची, वाळली की पुन्हा धुरकट. म्हणजे तो मळ नव्हताच. काच वर्षानुवर्षं ओलाव्यात राहिली की तिच्यातले क्षार झिरपून जातात आणि वरचा थर खरबरीत होतो. त्या बारीक खड्ड्यांत पाणी भरतं तेवढ्यापुरती ती नितळ भासते. असा थर कितीही धुतला तरी जात नाही, झिजवावा लागतो.

त्यासाठी टम्बलर हवा, म्हणजे बाटली आत ठेवून सतत गोल फिरवणारं यंत्र. सहा इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन्ही बाजूंना झाकणं, खाली दोन रूळ आणि गिअरची मोटर, एवढंच ते यंत्र. खरं काम तांब्याच्या तारेचं. मोटर वाइंडिंगच्या दुकानातली तार स्वस्त मिळत होती, पण तिच्यावर वार्निशचा थर असतो, म्हणून घरातल्या वायरिंगची जुनी वायर सोलून घेतली. तिचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे करायचे. चार किलो तार कापायला मला तीन आठवडे लागले, अंगठ्याला घट्टा पडला. तांबं काचेपेक्षा मऊ, त्यामुळे ते ओरखडत नाही. ते फक्त सोबत घातलेली झिजवायची पावडर काचेवर घासत राहतं.

आधी एका साध्या औषधाच्या बाटलीवर हात बसवला, आणि तिथे चुकलो. झाक लवकर जावी म्हणून सिलिकॉन कार्बाइडची काळी पावडर घातली आणि तीन दिवस यंत्र उघडलंच नाही. काच गुळगुळीत झाली, पण वरची अक्षरं झिजक्या नाण्यासारखी झाली. ती आता परत येणार नाहीत. अजूनही ती बाटली हातात घेतली की वाईट वाटतं.

म्हणून गोटीच्या बाटलीला काळी पावडर लावलीच नाही. चष्म्याच्या काचा घासणाऱ्याकडून सिरियम ऑक्साइड आणलं, गुलाबीसर रंगाची पिठासारखी पावडर. मानेत कापडाची पट्टी कोंबून गोटी जागच्या जागी दाबून धरली. पोटात एक तृतीयांश तांबं, दोन चमचे पावडर आणि पाणी. मग तोंड बंद करून दोन्ही टोकांना रबरी चकत्यांचा आधार दिला आणि बाटली पाइपच्या मधोमध बसवली, भिंतीला कुठेही टेकू दिली नाही. भोवतीही तसंच तांबं, पावडर आणि पाणी. वेग जास्त झाला तर तांबं भिंतीला चिकटून नुसतं गरगरतं, घासत नाही. हे कानाला कळतं. नीट चालू असेल तर वाळूवरून लाट मागे सरते तशी एकसारखी सळसळ येते.

रोज संध्याकाळी यंत्र थांबवून बाटली धुवायची, पूर्ण वाळू द्यायची आणि खिडकीशी धरून अक्षरांवरून नख फिरवायचं. चौथ्या दिवशी वाळल्यावरही खिडकीचे गज आरपार दिसले. बुडाशी थोडी झाक होती. आणखी एक दिवस चालवायचा मोह झाला, पण ‘पूना’ची कड अजून नखाला अडत होती. तिथेच थांबलो.

कापड काढलं आणि बाटली आत्याच्या हातात दिली. आत्या आता ऐंशीच्या पुढची. “अरे, जत्रेत फट्ट आवाज करून फोडायचे ही,” म्हणाली. मग मी काही सांगायच्या आत तिने अंगठ्याने मानेवरचे दोन खळगे चाचपले, ती बाजू खाली करून बाटली कलती केली, आणि गोटी त्या खळग्यांवर टेकून थांबली.