कंबरेतला ‘ब’

शुक्रवारी रात्री लेक झोपायला निघाली तेव्हा मी तिला म्हटलं, “कमरबंद लक्षात ठेव हं. आपल्याकडचाच शब्द आहे. कमर म्हणजे आपली कंबर.” हे एवढं वाक्य तेव्हा तोंडातून निघालं नसतं तर बरं झालं असतं. चार दिवस तेच मनात घोळतंय, म्हणून आज लिहायला बसले.

डॅलसच्या उत्तरेला आम्ही राहतो. लेकीच्या शाळेने यंदा आसपासच्या शाळांतल्या मुलांसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी स्पेलिंग बी भरवली होती, म्हणजे इंग्रजी शब्दांचं स्पेलिंग माइकवर तोंडी सांगायची स्पर्धा. टीव्हीवर दिसते ती झगमगती स्पर्धा नव्हे. शाळेचं जेवणघर, भिंतीकडे सरकवलेली टेबलं, चौथी ते आठवीची तीसेक मुलं आणि प्रत्येकाच्या गळ्यात लोकरीच्या धाग्यात ओवलेला नंबराचा पुठ्ठा. ते पुठ्ठे गळ्यात घालायचं काम माझ्याकडे होतं. चौथीतल्या एका मुलाचे हात इतके गार पडले होते की मी ते दोन्ही हातांत धरून जरा चोळले.

त्या सकाळी सगळ्यात जास्त मी कुणाकडे पाहत होते, तर शाळेची साफसफाई, देखभाल बघणाऱ्या कस्टोडियन काकांकडे. चांगले साठीचे असतील. माइकचा स्टँड जुना, खिट्टी ढिली. दर मुलामागे ते उठायचे, माइक त्या मुलाच्या तोंडाच्या उंचीला आणायचे, खिट्टी पिळायचे आणि दोन पावलं मागे जाऊन उभे राहायचे. मूल चुकलं की परीक्षकांच्या टेबलावरची घंटी टिंग करून वाजायची, बाई बरोबर स्पेलिंग वाचून दाखवायच्या, मूल ‘थँक यू’ म्हणून वळायचं, आणि पायरीशी हे काका मूठ पुढे करून उभे असायचे. मूठीला मूठ लावल्याशिवाय एकही मूल खाली उतरलं नाही. त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं, मी नंतर मुद्दाम विचारलं.

सांगलीच्या माझ्या शाळेत शुद्धलेखन चुकलं की तो शब्द पंचवीस वेळा लिहायचा. ‘आशीर्वाद’ मी किती पंचविशा लिहिला असेन याला गणती नाही. त्या बाईंना मी आजही नावं ठेवणार नाही, माझं मराठी आज जे काही आहे ते त्यांच्यामुळे आहे. पण चुकून परत जागेवर येताना कुणी वाटेत मूठ पुढे करून उभं असतं, तर ‘आशीर्वाद’ मला पाचव्या वेळेलाच आला असता असं मात्र त्या सकाळी वाटून गेलं.

तिसऱ्या फेरीत आठवीतल्या एका उंच मुलाला शब्द आला, ‘मंगूस’. त्याने विचारलं, मूळ भाषा कोणती? शब्द सांगणाऱ्या बाईंनी समोरच्या कागदावर बघून सांगितलं: पोर्तुगीजमधून इंग्रजीत आला, मुळात मराठी. ‘मराठी’चा उच्चार त्यांनी मराऽदी असा काहीतरी केला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. टेक्सासमधल्या एका शाळेच्या जेवणघरात, जिथे भिंतीवर दुधाच्या पेल्याचं चित्र आहे, तिथे माइकवरून ‘मराठी’! रांगेत बसलेली लेक मान वळवून थेट माझ्याकडे बघत होती, सगळे दात दाखवत. त्या मुलाने स्पेलिंग बरोबर सांगितलं. मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की शेजारच्या बाईंना तो माझा मुलगा वाटला.

पुढच्याच फेरीत लेकीला आला ‘कमरबंद’. इंग्रजी उच्चार कमरबंड. सूटच्या आत कमरेला बांधतात तो पट्टा. तिने शिस्तीत मूळ भाषा विचारली. हिंदी, त्याआधी फारसी. ती हसली, आणि तिला काय आठवलं ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. तिने सुरुवात केली: सी, यू, एम, बी... आणि थांबली.

इथला नियम असा, की मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते, पण तोंडातून गेलेली अक्षरं बदलता येत नाहीत, क्रमही बदलता येत नाही. तिने विचारलं, “पुन्हा सुरुवात करू?” बाई म्हणाल्या, जरूर. मग माझ्या दहा वर्षांच्या मुलीने परत सी म्हटलं, यू म्हटलं, एम म्हटलं, आणि पुढे दुसरा एम हवा हे पुरतं ठाऊक असताना, नियम म्हणून, बी म्हटलं. शब्द शेवटपर्यंत नेला. आवाज कापला नाही. घंटी वाजली. कंबरेतला तो ‘ब’ माझा होता. तिच्या वहीत दोन एम स्वच्छ लिहिलेले होते, घरी येऊन मी पाहिलं.

हे सगळं मी पोटात घालून उभी असताना कॉफीच्या टेबलापाशी एक आई मला म्हणाली, “वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या वर्षी जिंकेल. तुमच्या लोकांच्या रक्तातच आहे ते.” आणि मग, “आमची मुलं बाहेर खेळतात ना, त्यांना कुठला एवढा वेळ.” बाई वाईट नाही. त्याच टेबलावरचा शेवटचा डोनट तिने रुमालात गुंडाळून लेकीसाठी दिला. पण मला तिथे उत्तर सुचलं नाही, ते आता इथे देते, कारण तुमच्यापैकीही काहीजण फोनवर हेच म्हणता, फक्त अभिमानाने.

रक्तात काही नसतं हो. टीव्हीवर दिसते ती अमेरिकेची राष्ट्रीय स्पेलिंग बी 1925 साली सुरू झाली. भारतीय आईबापांचं मूल पहिल्यांदा जिंकलं ते 1985 मध्ये, बालू नटराजन, शब्द होता ‘मिल्यू’. रक्तातच असतं तर साठ वर्षं कशाला लागली असती? 1965 ला इथला इमिग्रेशनचा कायदा बदलला, त्यानंतर इंजिनिअर, डॉक्टर, शिकलेली माणसं आपल्याकडून आली. त्यांच्या हातात ना जमीन होती ना ओळखीपाळखी. अभ्यास करून परीक्षा देणं एवढंच त्यांना येत होतं, आणि तेच त्यांनी मुलांना दिलं. 1989 मध्ये नॉर्थ साउथ फाउंडेशन ही इथल्या भारतीयांची संस्था निघाली, त्यांच्या स्पेलिंगच्या स्पर्धा गावोगावच्या शाळांमध्ये, हॉलमध्ये शनिवार-रविवारी भरतात. भारतातल्या गरीब मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठी ती संस्था पैसे उभे करते. चटया घालायला, सँडविच वाटायला, घड्याळ बघायला आईबाप. 2008 ते 2019 एकही वर्ष असं गेलं नाही की विजेत्यांत आपल्याकडचं मूल नाही. 2019 ला तर आठ जण एकदम विजेते ठरले, त्यातले सात आपले. यामागे शनिवार-रविवार आहेत, रक्त नाही. आणि खेळण्याचंच म्हणाल तर 2021 ची विजेती झायला अवांत-गार्ड बास्केटबॉलपटू, ड्रिबलिंगचे गिनेस विक्रम तिच्या नावावर. ती आपल्यातली नव्हे. ती ही स्पर्धा जिंकणारी पहिली आफ्रिकन-अमेरिकन मुलगी. तिच्या बाबतीत ‘रक्तात आहे’ असं कुणी म्हणालं नसेल, मेहनत केली असंच म्हणाले असतील.

ही मुलं नुसती घोकंपट्टी करतात, हा नेहमीचा आरोपही मला मान्य नाही. लेकीच्या वहीत भाषांची पानं आहेत. ग्रीक असेल तर ‘फ’ला पी-एच, फ्रेंच असेल तर ‘श’ला सी-एच, असं करत ती कधीच न ऐकलेल्या शब्दापर्यंत पोचते. मराठीत आपल्याला याची गरज पडत नाही, बोललं ते बहुतेक लिहिलं जातं, म्हणून आपल्याला ही कसरत पाठांतर वाटते.

हां, या तयारीसाठी जानेवारीपासून मंडळाची रविवारची मराठी शाळा बुडाली आहे. तिथल्या ताई भल्या आहेत, एकदाच विचारलं, परत नाही. एका रविवारात दोन्ही बसवता आलं असतं का? कदाचित. पण आठवडाभर आम्ही दोघंही नोकरी करतो, घरी येईपर्यंत सात वाजतात, आणि घरात मराठीच बोलतो आम्ही. शब्दांच्या मुळाशी जाणं हीसुद्धा भाषाच आहे असं मी मनाला सांगितलं, अजूनही सांगते.

रात्री सांगलीला आईला व्हिडिओ कॉल लावला, तिची सकाळ. मी कंबरेचं सांगेन सांगेन म्हणता लेकीनेच मुंगसाचं सांगून टाकलं. आई म्हणाली, “मग लिहून दाखव बघू.” लेकीने फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहिलं: मुंगुस. आईने चष्मा वर सरकवला. “दुसरा उकार मोठा गं बाळा. शेवटचं अक्षर साधं असलं की त्याच्या आधीचा मोठा. फूल, वकील, गरीब, तसं मुंगूस.”

“आजी, पण हे लिहून झालंय. बदलता येतं?”

“न बदलायला काय झालं?”

लेकीने बोटाने तो उकार पुसला, मोठा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मग आई सांगू लागली, आमच्या मळ्यात बांधावर मुंगूस दिसलं की आम्ही भावंडं कशी ओरडायचो, मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ. आणि ते खरंच थबकून मागे बघायचं.

“मुंगसा का? गू कुठे गेला?” लेकीने विचारलं.

आई जरा थांबली. “ते मला नाही गं सांगता यायचं,” म्हणाली. “आम्ही आपलं असंच हाक मारायचो.”