पासवर्ड बरोबरच होता

दुरुस्ती झाली, पट्ट्याही लिहून झाल्या, तरी दुपारचे ते बोलणे अजून मनातून जात नाही. कार्यालयातल्या लिनक्स संगणकावर मी पासवर्ड टाकला की पडदा क्षणभर काळा होई आणि नाव विचारणारी तीच चौकट पुन्हा समोर येई. केळीच्या काटापट्ट्यांतून मान वर न करता नाना म्हणाले, "भुली गई व्हई," म्हणजे विसरली असेल. मग दादांनी रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यातून, प्रवेश करून दाखवला आणि मशीनमध्ये काहीच बिघाड नाही असे सांगून टाकले. इतकी वर्षे या कार्यालयाचे हिशेब माझ्या हातून जातात, तरी माझ्या शब्दापेक्षा त्या एका प्रवेशाला जास्त वजन आले, याचे फार वाईट वाटले. नानांचे एक वेळ समजते, दादांचे मात्र... असो.

पासवर्ड चुकला असता तर यंत्राने तसे सांगितले असते. इथे ते मला आत घेत होते आणि लगेच बाहेर काढत होते. म्हणून कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून अक्षरांच्या पडद्यावर गेले. तिथे पासवर्ड मान्य झाला, पण माझ्या होम डिरेक्टरीत, म्हणजे माझ्या खात्याच्या फाईली असतात त्या कप्प्यात, जाण्याची परवानगी नाकारल्याचा संदेश आला.

सगळा उलगडा त्या ओळीत होता. जुन्या नोंदी सुरक्षित राहाव्यात म्हणून कुणीतरी सगळ्यांच्या होम डिरेक्टरी जिच्यात असतात त्या /होम या वरच्या डिरेक्टरीलाच ७०० परवानगी, म्हणजे फक्त मालकाला, इथे रूटला, सारे अधिकार, देऊन ठेवली होती. माझी डिरेक्टरी माझ्याच नावावर होती, आतली एकही फाईल बिघडलेली नव्हती. परंतु डिरेक्टरीतून पुढे जायला तिच्यावर एक्सिक्यूटचा अधिकार लागतो, आणि वाटेतल्या एका डिरेक्टरीवर तो नसला तरी पुढचे सारे असून नसल्यासारखे होते. रूटला ही अट आडवी येत नाही. दादांना अडथळा दिसला नाही, कारण त्यांच्यापुरता तो नव्हताच. हे कळल्यावर राग बराच उतरला. जो कुठेच अडत नाही, त्याने स्वतः आत जाऊन पाहिले, तर दुसरा कुठे अडतो हे त्याला कसे कळणार?

सगळ्यालाच ७७७, म्हणजे सर्वांना सारे अधिकार, देऊन टाकू, असे दादा म्हणाले, तेव्हा मी ठाम नकार दिला. तसे केले तर प्रत्येकाच्या फाईली प्रत्येकाला खुल्या होतात, शिवाय होम डिरेक्टरी इतरांना लिहिण्याजोगी दिसली की एसएसएच, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून सुरक्षित प्रवेश देणारी सोय, पासवर्डऐवजी वापरायची त्या खात्याची किल्लीही नाकारते. शेवटी /होमला ७५५ दिले, म्हणजे इतरांना आत जाता येईल पण लिहिता येणार नाही, माझी डिरेक्टरी ७०० वरच ठेवली, आणि प्रवेश झाला. नाना काही बोलले नाहीत. उरलेल्या पट्ट्या त्यांनी माझ्याकडे सरकवल्या. यापुढे परवानग्यांना हात लावला की तपासणी माझ्या खात्यातून करायची, एवढे दादांकडून कबूल करून घेतले आहे.