तुम्ही विचारलंत म्हणून: पोर्तुगीज का झालो

गोव्यात, माझ्या डिचोलीला आलो की देवळात, बाजारात, लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी विचारतंच: "पोर्तुगिजांना घालवायला सीमेवर पत्रादेवीला माणसांनी गोळ्या खाल्ल्या, आणि तू त्यांचाच पासपोर्ट घेतलास?"

पैशासाठी घेतला. २०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या, खनिज वाहणारा माझा टिपर ट्रक दारात उभा राहिला, बँकेचा हप्ता काही थांबला नाही. बाबा १९६१च्या आधी, गोवा पोर्तुगिजांकडे असताना जन्मलेले; अशांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळतं. आधी त्यांचा जन्म लिस्बनला नोंदवला, मग माझा. त्या पासपोर्टावर तेव्हा युरोपीय संघाच्या २८ देशांत कुठेही काम करता यायचं; वर्क व्हिसा नको, स्पॉन्सर नको. २०१४ला लिस्बनमध्ये कागद हातात पडले आणि महिन्याभरात मी इंग्लंडातल्या स्विंडनच्या गोदामात रात्रपाळीला लागलो. पोर्तुगीज मला येत नाही. कायद्यानं ती मागितलीच नाही, मग मी कुणाचं काय लुबाडलं?

जानेवारी २०१७. पहाटे चारच्या सुट्टीत धाकट्याचा फोन आला, बाबा गेले. तिकीट शोधता शोधता लक्षात आलं, मला व्हिसा लागणार. दुसरं नागरिकत्व घेतलं तेव्हाच भारताचं गेलं होतं, आणि जुना पासपोर्ट मात्र बॅगेत तसाच पडून होता. तो जमा केल्याचं सरेंडर सर्टिफिकेट नव्हतं, आणि व्हिसासाठी ते लागत होतं. चूक माझी; "बघू सावकाश" म्हणत तीन वर्षं काढली होती. व्हिसाच्या अर्जात एक रकाना होता: भारतातल्या ओळखीच्या व्यक्तीचं नाव आणि पत्ता. तिथे मी आईचं नाव लिहिलं, खाली आमच्याच घराचा पत्ता. बराच वेळ पुढचं पान उघडवेना.

अग्नी धाकट्यानं दिला. मी पोचलो तेव्हा बारावं उरकलं होतं, मोठी भांडी घासून पडवीत पालथी घातली होती. आई म्हणाली, "जेवून घे."

निघताना मीच बाबांना म्हणालो होतो, "कागदच तर आहे." ते बोलले नाहीत, सही केली. तेव्हा माझं चुकलं, असंही छातीठोकपणे म्हणवत नाही. टिपरचं कर्ज त्याच कागदानं फिटलं, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यातूनच झालं. आणि तरी तुम्ही विचारलंत की राग येतो, कारण तेच मी रोज स्वतःला विचारतो.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि ३१ डिसेंबर २०२०ला तिथे काम करायची ती मोकळीक संपली. मी आधीपासून तिथे होतो म्हणून राहू शकलो. पोर्तुगीज पासपोर्टवाले आता आयर्लंडला, जर्मनीला जातात. परवा चुलतभावाचा फोन आला, "दादा, अर्ज करू?" हो म्हणवलं नाही, नको म्हणवलं नाही. कागद मिळाले की त्याच आठवड्यात सरेंडर सर्टिफिकेटच्या मागे लाग, एवढं मात्र दोनदा सांगितलं.