पानशेतच्या आधी की नंतर?

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘जन्म कुठला, नोकरी किती वर्षं’ असं विचारलं की ते रेशनकार्डावरचा मजकूर सांगतात. पाच मिनिटांत आयुष्य संपतं. पुण्यात त्याऐवजी ‘हे पानशेतच्या आधीचं की नंतरचं?’ असं विचारावं. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं आणि कितीतरी घरांतली लग्नं, बिऱ्हाडं, बाळंतपणं त्या खुंटीला टांगली गेली. पाटणकडे हीच खुंटी १९६७च्या कोयनेच्या भूकंपाची, मराठवाड्यात बहात्तरच्या दुष्काळाची, लालबाग-परळला ८२च्या गिरणी संपाची.

‘आम्ही खडी फोडून मिलो खाल्लेली माणसं’ (मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळालेली लाल ज्वारी) हे वाक्य दुष्काळाबद्दल कमी आणि ‘आम्ही’बद्दल जास्त असतं. त्याच दुष्काळी कामावरचा दुसरा मात्र मुकादमानं मापात कसं मारलं तेच सांगेल. दुष्काळ एकच, मजुरीही तीच; पण एक स्वतःला चिवट म्हणवतो, दुसरा नाडलेला. डॅन मॅकॲडम्स हे मानसशास्त्रज्ञ मुलाखतीत आयुष्यातला सर्वांत चांगला प्रसंग, सर्वांत वाईट प्रसंग आणि वळण असं वेगवेगळं सांगायला लावतात. वाईटानंतर माणूस ‘पण’ म्हणून सावरतो की ‘तेव्हापासून’ म्हणून तिथंच अडकतो, तिकडे कान हवा.

ऐकायला बसताना सुरुवात बालपणापासून नको. उतारवयात आठवणींची गर्दी साधारण १० ते ३० या वयातली असते. पहिला पगार, सासरची पहिली दिवाळी, तिथून बोलणं सुटतं. फोन वीतभर अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवावा, नाहीतर टेबलावरची प्रत्येक टकटक रेकॉर्ड होते. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर. पाऊण तास पुरे. नवरा-बायकोला एकत्र बसवू नये. ‘तेव्हा मधू झालाच नव्हता’ अशी दुरुस्ती आली की गोष्ट तिथंच बसते. (दुरुस्ती बहुधा बरोबर असते, हा भाग वेगळा.) सनावळीची चूक आपणही काढू नये, वहीत टिपून ठेवावी. सांगणारा थांबला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. दहा सेकंद अवघड जातात, पण खरं बोलणं पुष्कळदा त्यानंतरच येतं.

आठवड्याभरानं तीच गोष्ट पुन्हा विचारावी. जिथं शब्दन्‌शब्द तसाच येतो, तो भाग पन्नासदा सांगून गुळगुळीत झालेला. तिथं खोदून हाती फारसं लागत नाही. जिथं तपशील बदलतो, तिथं ‘घरात तेव्हा आणखी कोण होतं?’ असं विचारावं. एखादं नाव दोन्ही वेळा गाळलं गेलं असेल, तर तिसऱ्या बैठकीपर्यंत आपणही ते काढू नये.