अण्णांचा कुलवृत्तांत, वर्ड आणि वेबपेज

वर्डमधून वेबपेज काढायचं म्हटलं की माझा भाचा नाक मुरडतो. तो बंगळुरात वेबसाइटीच बनवतो, त्यामुळे त्याचं ऐकून घ्यावं लागतं. "मावशी, वर्डचं एचटीएमएल म्हणजे नुसता कचरा गं." अर्धं खरं आहे त्याचं. (एचटीएमएल म्हणजे वेबपेज ज्या खुणांच्या भाषेत लिहितात ती.) पण इंदूरमध्ये माझ्यासारख्या डीटीपीवालीकडे, म्हणजे छपाईसाठी मजकूर टाइप करून मांडणारीकडे, जो येतो तो पेनड्राइव्हमध्ये वर्डची फाइलच घेऊन येतो. त्याला "आधी एचटीएमएल शिका" असं सांगून कुणाचं काय भलं होणार?

सध्या हातात आहे तो आमच्या सुदामानगरातल्या अण्णांचा कुलवृत्तांत. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि तिच्या मागोमाग अण्णांचे पूर्वज आले, अशी पहिल्या पानाची सुरुवात. मग देवास, धार, उज्जैन, पुणे आणि आता न्यू जर्सी अशा शाखा. पुस्तक छापून, वाटून संपलं. न्यू जर्सीच्या नातवाला ते फोनवर वाचायचंय. अण्णा म्हणाले, "तू ती लिंक तेवढी करून दे न."

पीडीएफ करून दिली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. पण ए-फोरचं पान फोनवर वाचायचं म्हणजे बोटांनी ताणत बसायचं, ओळ संपली की परत डावीकडे सरकायचं. शिवाय फाइल कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये होती, म्हणजे त्या पीडीएफमध्ये कुणाचं नाव शोधायला जावं तर सापडणार नाही. आणि कुलवृत्तांतात माणूस सगळ्यात आधी स्वतःचंच नाव शोधतो.

ही कृतिदेवची भानगड जरा नीट सांगते, कारण वर्डपेक्षा खरा घोळ तिथे आहे. मध्य प्रदेशात आमच्या पिढीतला टायपिंग शिकलेला माणूस म्हणजे रेमिंग्टन टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेली बोटं आणि कृतिदेव ०१०. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. फाइलमध्ये 'मराठी' हा शब्द नसतोच. तिथे ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढीच अक्षरं असतात. फॉन्ट असेल तोवर ती 'मराठी' दिसतात. फॉन्ट नसलेल्या फोनवर तीच पाच इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. पूर्वी साइटींवर "आधी हा फॉन्ट डाउनलोड करा" अशी पाटी असायची ना, ती याच कारणासाठी. युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या पद्धतीत तसं नाही, तिथे 'म'ला स्वतःचा क्रमांक आहे, २३५०. तो कुठल्याही फोनला कळतो.

म्हणून आधी सगळा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये बरोबर उलट. साध्या अक्षरांना कन्व्हर्टर ही अदलाबदल नीट करतो. 'स्थिती', 'त्रिंबक' असे जोडाक्षराचे शब्द आले की वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसते. 'वऱ्हाड' आणि 'कुऱ्हाड' तर मी सरळ हातानेच नीट केले, कारण हे कन्व्हर्टर बनतात हिंदीसाठी आणि हिंदीला आपला 'ऱ्ह' लागतच नाही. अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी आडनाव वाचायचं, त्यांनी मान हलवायची. मध्येच ते एखाद्या काकूची गोष्ट सुरू करत, ती पुस्तकात का घातली नाही तेही सांगत. ती इथे लिहीत नाही.

आता वर्डकडे. 'सेव्ह ॲज'मध्ये वेब पेजचे तीन प्रकार दिसतात आणि बहुतेक लोक साधं 'वेब पेज' निवडतात. भाच्याचा कचरा म्हणजे हाच. वर्ड २००० पासून मायक्रोसॉफ्टने असं धरलं की एचटीएमएलची फाइल पुन्हा वर्डमध्ये उघडली तर काहीच हरवता कामा नये. म्हणून वर्डची झाडून सगळी खाजगी माहिती, 'एमएसओ'ने सुरू होणाऱ्या शेकडो सूचना, त्या पानात कोंबलेल्या असतात. ब्राउझरला त्यांचा काडीचा उपयोग नाही. दुसरा प्रकार 'वेब पेज, फिल्टर्ड'. तो ही खाजगी माहिती काढून टाकतो आणि तसं आधी विचारतोसुद्धा. मूळ डॉक्स फाइल जपून ठेवायची आणि वेबसाठी हाच निवडायचा. तिसरा, एका फाइलवाला, फोनच्या भरवशावर मी कधी देत नाही.

त्याच खिडकीत 'टूल्स'खाली 'वेब ऑप्शन्स' असतं, त्यात एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत, यूटीएफ-८ करायचं. नाही केलं तरी पान दिसतं बरोबर, पण आत एकेका 'म'च्या जागी अँपरसँड, हॅश, २३५० आणि अर्धविराम अशी सात चिन्हं बसतात. यूटीएफ-८ मध्ये तोच 'म' तीन बाइटांत मावतो. आकाराचं सोडा हो, पण नोटपॅडमध्ये 'त्रिंबक' शोधायला गेलात तर नुसते आकडे दिसतील.

चित्रं असली की पानाबरोबर त्याच नावाचा एक फोल्डर तयार होतो. अण्णांनी मोठ्या उत्साहाने नुसतं पानच देवासला व्हॉट्सॲप केलं, आणि तिकडून फोन आला की आजोबांच्या फोटोच्या जागी रिकामा चौकोन आहे. पान आणि फोल्डर दोन्ही सोबत गेले पाहिजेत, साइटवर चढवतानाही तसंच. फाइलींची नावं मी साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवते. देवनागरी नाव लिंकमध्ये गेलं की टक्क्यांची चिन्हं आणि आकडे यांची हातभर शेपटी होते.

आता उरलेलं अर्धं, जे भाचा कबूल करत नाही. अण्णांच्या पुस्तकात तळटीपा ढीगभर. वर्डच्या 'इन्सर्ट फूटनोट'ने घातलेली प्रत्येक टीप वेबपेजमध्ये आपोआप लिंक होते: आकड्यावर टिचकी मारली की तळाशी, तिथल्या आकड्यावर मारली की परत जागेवर. अनुक्रमणिकेचंही तेच, फक्त पुढचे पान-क्रमांक निरर्थक होतात, दिसले तर ते काढायचे. हे सगळं हाताने लिहायला मला महिना लागला असता. अट एकच : शीर्षकाला हेडिंगची स्टाइल दिलेली हवी. ठळक करून, अक्षर मोठं करून, स्पेसबार बडवून मधोमध आणलेलं शीर्षक ब्राउझरच्या लेखी साधा परिच्छेदच असतो. अण्णांच्या फाइलीत स्पेसबारनेच सगळं उभं केलेलं होतं. त्या साफसफाईचे पैसे मी वेगळे लावले आणि त्यांनी कुरकुर न करता दिलेही.

वर्डने मला खरंच छळलं ते वंशावळीत. पुस्तकात ती चौकटी आणि रेघांनी काढलेली. वेबपेजमध्ये तिचं झालं एक चित्र, फोनवर मुंगीएवढं आणि शोधता न येणारं. म्हणून पिढीगणिक आत सरकणारी यादी केली. तर वर्ड यादीला यादी ठेवत नाही. परिच्छेदाआधी एक टिंब आणि थोडी मोकळी जागा टाकून यादीचं नुसतं सोंग आणतो. तेवढं प्रकरण मी लिबरऑफिसमध्ये उघडून तिथून एचटीएमएल केलं, तिथे खरी यादी निघते. चौकटीत जागा नाही म्हणून पुस्तकात मुलींची नावं गाळलेली होती. यादीला जागेची अडचण नाही, हे मी अण्णांना म्हटलं. ते थोडं थांबले आणि दुसऱ्या दिवशी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर आत्या, मावश्या, बहिणी, सगळ्या लिहून घेऊन आले.

शेवटी नोटपॅडमध्ये मोजकीच कामं राहतात. फोनला 'तुझ्या रुंदीप्रमाणे मांड' असं सांगणारी व्ह्यूपोर्टची एक ओळ वरच्या भागात घालायची, वर्ड ती घालत नाही आणि मग अक्षरं बारीक दिसतात. कीबोर्ड हिंदी असला की वर्ड मजकुरावर 'एचआय' असा भाषेचा शिक्का मारतो, तो 'एमआर', म्हणजे मराठी, करायचा. ज्या फॉन्टांना मराठीची सोय आहे त्यांत मग 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात. आणि ब्राउझरच्या टॅबवरचं नाव बघायचं. ते फाइलीच्या प्रॉपर्टीजमधून येतं. अण्णांनी जुना किरायानामा पुसून त्याच फाइलीत कुळाचा इतिहास लिहायला घेतला होता, त्यामुळे दोनशे वर्षांच्या घराण्यावर टॅबमध्ये 'रेंट ॲग्रीमेंट' लिहून येत होतं.

पान भाच्याला पाठवलं. त्याने आतला सोर्स उघडून पाहिला आणि म्हणाला, "चालेल, पण मावशी, स्टाइल शीट वेगळ्या फाइलीत काढ." म्हणजे पान कसं दिसावं याच्या सूचना. ते मी करणार नाही. अण्णांच्या दुरुस्त्या अजून येतायत, दुरुस्ती डॉक्समध्येच करायची आणि पुन्हा फिल्टर्ड सेव्ह करायचं, की हाताने केलेलं सगळं पुसलं जातं. दर खेपेला तीन गोष्टी बदलणं परवडतं, तीस नाही.