बाईंचे दोन स्वल्पविराम

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि मैदान, प्रार्थना, स्नेहसंमेलन या सगळ्यांच्या आधी आठवल्या त्या आमच्या इंग्रजीच्या बाई. बाकीच्या आठवणी इतरजण लिहितीलच. विरामचिन्हं बाईंइतकी नेमकी शिकवणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही, म्हणून मी तेवढ्यावरच लिहितो.

जुन्या इमारतीतल्या फळ्यावर अख्खा तास एकच वाक्य होतं : 'द बॉइज हू केम लेट वेअर पनिश्ड.' उशिरा आलेल्या तेवढ्याच मुलांना शिक्षा. मग बाईंनी 'बॉइज'नंतर एक आणि 'लेट'नंतर एक स्वल्पविराम दिला. आता सगळीच मुलं उशिरा आलेली, शिक्षाही सगळ्यांना! शब्द एकही बदलला नव्हता. बाई सांगत, मधला मजकूर झाकून वाचा. कोणाबद्दल बोलतोय ते तरीही नेमकं कळत असेल तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम, नाहीतर एकही नाही. एकच दिला की कर्ता आणि क्रियापद यांची ताटातूट होते, आणि ही चूक त्या कधी सोडत नसत.

चुका येतात कुठून, हेही त्या दाखवत. विरामचिन्हं मराठीत रुळवली मेजर कँडी यांनी, एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीवरूनच. पण नियम दोन्हीकडे सारखे राहिले नाहीत. 'तो म्हणाला, की' या सवयीने आपण 'ही सेड'पुढेही स्वल्पविराम देऊन 'दॅट' लिहितो. तिथे तो नको. पुढे अवतरणात थेट बोलणं असेल तरच हवा. 'पाऊस आला, आम्ही थांबलो' हे मराठीत खपतं. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, किंवा स्वल्पविरामानंतर 'अँड', 'बट', 'सो' यांपैकी एक घ्या. 'हाउएव्हर' या पंगतीत बसत नाही. दोन वाक्यांच्या मधे तो आला की आधी अर्धविराम, नंतर स्वल्पविराम. भले भले इथे चुकतात.

अपॉस्ट्रॉफीची रीत तर इतकी सोपी की आजही तीच सांगावी. आधी मालकाचं नाव पूर्ण लिहा, मग चिन्ह द्या. मालक एकच मुलगा असेल तर 'बॉय', चिन्ह, मग एस. अनेक असतील तर 'बॉइज' पूर्ण लिहून चिन्ह; एस आधीच आहे, दुसरा नको. 'चिल्ड्रन'च्या शेवटी एस नाही, म्हणून तिथे चिन्हानंतर जोडायचा. 'इट्स'च्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' वाचून अर्थ लागला तरच चिन्ह. 'हर्स', 'युअर्स' आणि 'त्यांचं' या अर्थाचा 'देअर्स' यांना कधीच नाही.

अमेरिकेच्या मेन राज्यातला २०१७चा निकाल बाईंनी नक्की वर्गात वाचून दाखवला असता. ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची कायद्यात यादी होती. तिच्या शेवटी 'शिपमेंट'नंतर, 'ऑर'च्या आधी, स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे माल पोहोचवणं हे वेगळं काम की पॅकिंगचाच एक भाग, हे स्पष्ट होईना. अपील न्यायालयाने दूधगाड्यांच्या चालकांच्या बाजूने कौल दिला आणि पुढे ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

आता मोबाइलवर पूर्णविरामसुद्धा गळून पडतो, याचं वाईट वाटतं. संगणक चुकीच्या शब्दाखाली रेघ मारतो खरा. पण त्या दिवशी सगळी मुलं उशिरा आली होती की काहीच, हे त्याला कुठून कळणार? ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. शाळेला एकच विनंती : नव्या इमारतीतल्या इंग्रजीच्या वर्गात ती दोन वाक्यं एकाखाली एक लावावीत. वरच्यात एकही स्वल्पविराम नाही, खालच्यात दोन.